पिठातला पहिला हात

ही हकीगत लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. शेतीखात्यातून निवृत्त झालो तेव्हा सगळे म्हणाले, इतकी गावं हिंडलात, आठवणी लिहा. मी लिहिल्या. कोकणातल्या भाताबद्दल लिहिलं, नगरकडच्या दुष्काळाबद्दल लिहिलं. बुलढाणा जिल्ह्यात दोन वर्षं काढली, त्याबद्दल मात्र एक ओळ लिहिली नाही. बायकोला सांगितलं नव्हतं, मुलाला अजून माहीत नाही. आता सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. म्हणून लिहितो आहे.

गावाचं नाव देत नाही. मोताळा तालुक्यात, रोहिणखेडच्या पुढे ते आहे, इतकं पुरे. माणसांची नावंही बदलली आहेत. ज्यांच्याबद्दल हे आहे त्यांना ते पहिल्या पानावरच कळेल.

मागच्या हिवाळ्यात सुभाषरावांचा फोन आला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी त्या गावी होतो तेव्हा त्यांच्या वडिलांकडे, म्हणजे पोलीस पाटलांकडे राहत असे. सुभाषराव तेव्हा शाळेत जात होते. ते म्हणाले, मका घरात आला की आंब्याखाली गावाचे रोडगे होतात ते तुम्हाला आठवत असतील. यंदा त्या दिवशी, गावात मका आणणाऱ्या साहेबांचा सत्कार करायचं ठरलं आहे. मी नाही म्हणणार होतो. पण बोलता बोलता ते म्हणाले की यंदाच्या पिठात कासाबाईचा गावरान मका घालणार आहेत.

कासाबाई जिवंत आहे हे मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर, ती नसावी असं मी स्वतःला केव्हाच पटवून टाकलं होतं. फोनवर मी येतो म्हणालो. मला तिला एक वाक्य सांगायचं होतं: त्या वर्षी लोक आजारी पडले ते तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे.

मलकापूर ते गाव

कराडहून निघून दुसऱ्या दिवशी सकाळी मलकापूरला उतरलो. स्टेशनबाहेर इस्माईलभाई जीप घेऊन उभे होते. गावातली पिठाची चक्की त्यांची. तेव्हा ते विशीत होते आणि वडिलांच्या हाताखाली चक्की चालवत. आता दाढी पांढरी झाली आहे आणि चक्की त्यांचा मुलगा बघतो. त्यांनी माझी पिशवी घेतली आणि म्हणाले, "साहेब, तुमी तं लई सुकले. आमच्या पाटलाचं दूध कुठं गेलं?" मी हसलो.

मोताळ्याकडे जाताना दोन्ही बाजूंना मकाच मका. कापलेली धाटं उभी करून ठेवलेली, अंगणात, छपरावर, रस्त्याच्या कडेला पिवळ्या कणसांचे ढीग. आमच्या साताऱ्याकडे मका म्हणजे जनावराची वैरण किंवा पावसात भाजून खायचं कणीस. इथं तो पोटाचं धान्य आहे. जुन्या घरांतून कणसाची पानं मागं सोलून, त्यांचीच वेणी घालून, कणसं चुलीवरच्या आढ्याला टांगत. धुरानं कीड लागत नसे. त्याच्या कण्या ताकात शिजत, भाकरी होई, लहान मुलांना घुगऱ्या मिळत. हे मी लिहितो कारण फलकावर 'मका आणणारे साहेब' असं छापलेलं मी पुढं पाहिलं. मका मी आणला नव्हता. तो माझ्या कितीतरी पिढ्या आधी तिथं होता. मी आणलं ते पिशवीतलं नवं बियाणं. त्याला कीड लागू नये म्हणून औषध चोळलेलं असे, आणि दाणा ओळखू यावा म्हणून गुलाबी रंग.

रोहिणखेडची जुनी मशीद मागे पडल्यावर इस्माईलभाईंनी जीप हळू केली. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "साहेब, एक इचारू का? राग नका मानू."

मी विचारा म्हणालो.

"त्या साली पाटलाच्या घरचा मका मीच दळला होता. पिठाले गुलाबी झाक होती. अब्बाले दाखवलं, तं अब्बा म्हणे, चूप बस. मंग वरून दोन पायल्या ज्वारी फिरवली, चक्की साफ झाली."

पंचेचाळीस वर्षं मला वाटत होतं की हे जिवंत माणसांत फक्त मला माहीत आहे.

"कसला रंग?" मी म्हणालो. "मला काही आठवत नाही."

"मले आठवते," ते शांतपणे म्हणाले. "लोक आजारी पडले, तवा चक्कीले कुलूप लावून मी आठ दिवस आजोळी पळालो होतो. कोणी म्हणलं असतं का पीठ चक्कीत बिघडलं, तं आमचं काय झालं असतं, तुमीच सांगा. नाव कासाकाकूवर गेलं अन् आमी वाचलो. बस, इतकंच. तुमाले ठाऊक असन असं वाटलं होतं."

पुढचे तीन कोस आम्ही कापसाच्या भावाबद्दल बोललो.

आता जे झालं ते सांगतो. त्या वर्षी पाऊस लांबला. गावात नव्या मक्याचं प्रात्यक्षिक घ्यायचं काम माझ्याकडे होतं, आणि पेरणीची वेळ निघून गेल्यानं अर्धंअधिक रान पेरलंच गेलं नाही. मी मात्र वरती कळवलं की सगळं पेरलं. त्यामुळं उरलेल्या बियाण्याची पिशवी परत नेता येईना. ती पाटलांच्या कोठीत पडून राहिली. पुढं गावचा मकाही धड पिकला नाही. रोडग्यांचा दिवस आला. त्या गावची रीत अशी की प्रत्येक घरानं दोन वाटे गहू आणि एक वाटा मका जाडसर दळून आणायचा आणि सगळ्यांचं पीठ एका ढिगात ओतायचं, कुणाचं कोणतं ते कळू नये म्हणून. पाटलाच्या घरचा वाटा चुकवणं म्हणजे नामुष्की. पाटलीणबाईंनी मला विचारलं, साहेब, त्या पिशवीतला मका धुऊन चालेल का? आम्हाला शिकवताना बजावून सांगितलेलं होतं की धुतल्यानं रंग जातो, औषध जात नाही. मी म्हणालो, तीन पाण्यांनी धुवा, काही होत नाही.

पिशवी नाहीशी व्हायला हवी होती, ती झाली.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर ते दाणे वाळत घातलेले मी पाहिले. गुलाबी रंग पुरता गेला नव्हता.

आंब्याखाली

सुभाषरावांनी मला माझ्या जुन्याच खोलीत, कोठीशेजारी, उतरवलं. कोठीचं दार आता भिंत घालून बंद केलं आहे, तरी मी पलंग त्या भिंतीपासून लांब सरकवला. सकाळी सुभाषरावांच्या पत्नी मंगलाताईंनी चहा दिला आणि आम्ही गावाबाहेरच्या आंब्याखाली गेलो.

रोडगे न पाहिलेल्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडं भाकरी ज्याच्या त्याच्या चुलीवर होते आणि शेजारणीला ती दिसतही नाही. इथं शंभर घरांची भाकरी एका विस्तवात. भल्या मोठ्या ताडपत्रीवर पिठाचा ढीग, त्यात ओवा, मीठ, तेल. बायका कोंडाळं करून मळतात. मग लहान लहान पाऱ्या लाटून, तेलाचा हात फिरवून एकावर एक ठेवतात आणि वरून एका मोठ्या पारीत बंद करून गोळा करतात. तोवर पुरुष गोवऱ्यांची लांबच लांब ओळ पेटवतात. धग उतरली की गोळे निखाऱ्यावर भाजायचे आणि शेवटी गरम राखेत पुरायचे. बाहेर काढून फडक्यात झटकले, मुठीनं फोडले, की आत पदर सुटलेले असतात. त्यावर तूप, बाजूला वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण.

पण मळायला सुरुवात होण्याआधी एक गोष्ट असते. कोरड्या पिठात पहिला हात एकाच बाईनं घालायचा. तो मान घराण्याचा नसतो, हाताचा असतो. जिच्या हाताला चव आहे, जिचं पीठ कधी फसत नाही, तिला गावातल्या बायका निवडतात आणि मग ती थकेपर्यंत तो तिचा. मी होतो तेव्हा तो हात कासाबाईचा होता. पस्तिशीची, उंच, कोपरापर्यंत पिठात हात घालून सगळ्यांना हसवणारी बाई.

त्या वर्षी संध्याकाळपर्यंत तीसेक माणसं ओकाऱ्यांनी आडवी झाली. गावचे म्हातारे सुतार तिसऱ्या दिवशी गेले. डॉक्टर म्हणाले की ते आधीच खंगलेले होते. त्या एका वाक्याला मी आजवर धरून बसलो आहे. पीठ सगळ्यांचं एकत्र, म्हणून बोट दाखवायला घर सापडेना. मग कुणीतरी म्हणालं, पहिला हात कुणाचा? आणि ठरलं की कासाबाई त्या दिवशी शिवायची नव्हती, म्हणजे तिची पाळी होती, आणि मानासाठी तिनं ते लपवलं. ती देवळापुढं उभी राहून शपथ घेत होती. मी पाटलांच्या ओसरीवरून ऐकत होतो. महिन्याभरात मी बदली मागून घेतली.

यंदा पहिला हात मंगलाताईंनी घातला. मी कासाबाईला शोधत होतो. ती होती: विस्तवाच्या पलीकडं, बायकांच्या कोंडाळ्यापासून वीसेक पावलांवर एका दगडावर, पदर डोक्यावरून घेऊन बसलेली. उंची गेली होती. इस्माईलभाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले की तिनं तुमचं नवं बियाणं कधी घेतलंच नाही; तिचं पीठ कुणी घेईना, म्हणून तिनंही कुणाचं घेतलं नाही, बांधाकडेला जुना पांढरा मकाच लावत राहिली आणि परसात एकटीचे रोडगे भाजत राहिली. आता सगळ्या तालुक्यात तो मका कुणाकडं उरलेला नाही. म्हणून यंदा गावानं तिच्याकडून मागून घेतला.

"अन् तिला मळायला बोलावलं नाही?" मी विचारलं.

"मका घेतला ना," इस्माईलभाई म्हणाले. "लोकायले तेवढंच लई वाटते."

सत्कार झाला. मला शाल पांघरवली, नारळ दिला. शालीचं टोक लोंबत होतं ते निखाऱ्यावर गेलं आणि धूर निघाला. मळणाऱ्या बायकांतून एक म्हातारी ओरडली, "पाहा बे कोणी, सायबाचाच रोडगा होऊन राह्यला." सगळे हसले. मी घाबरून शाल झटकली तेव्हा आणखी हसले. मग सुभाषरावांनी पहिला रोडगा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, फोडा.

तो गरम होता, बोटं भाजत होती. मी फोडला आणि आधी आतला रंग पाहिला. पांढरा होता, किंचित पिवळसर. तरी घास तोंडाजवळ जाईना. जुनी भीती पुन्हा आली. आणि ही भीती काय होती तेही लिहायला हवं. त्या वर्षी मी रोडगा खाल्ला नव्हता. पोट बिघडलंय म्हणालो आणि नुसती वांग्याची भाजी आणि वरण घेतलं. म्हणजे मला माहीत होतं. पोरंबाळं खात होती आणि मी ताटातला रोडगा बाजूला सारून बसलो होतो.

मी घास खाल्ला. फार चांगला झाला होता.

नंतर मला बोलायला उभं केलं. खिशात चिठ्ठी होती, तीवर पाच ओळी लिहून आणल्या होत्या. समोर दोनशे माणसं, पहिल्या रांगेत सुभाषराव, त्यांच्या मांडीवर नातू. पाटलीणबाईंचा फोटो त्यांच्या घरात हार घालून लावलेला मी सकाळीच पाहिला होता. मी कासाबाईचं नाव घेतलं असतं तर त्या माउलीचंही घ्यावं लागलं असतं. आणि मग हे लोक काय करतील, मला जाऊ देतील का, पोलीस येतील का, असं सगळं एकदम डोक्यात आलं. मी म्हणालो, "त्या काळात आमच्याकडूनही काही चुका झाल्या." लोकांना तो मोठेपणा वाटला. टाळ्या पडल्या. विस्तवापलीकडं कासाबाई टाळी न वाजवता माझ्याकडं बघत होती.

कासाबाईची ओसरी

दुपारी सगळे जेवून सुस्तावले तेव्हा मी एकटाच निघालो. तिचं घर गावाच्या टोकाला, पत्र्याचं, समोर सारवलेली ओसरी. आत चुलीवर कणसांच्या वेण्या टांगलेल्या, धुरानं काळवंडलेल्या, मधेमधे पांढरे दाणे चमकणारे. ती सूप घेऊन बसली होती. मला पाहून उठू लागली, मी बसा म्हणालो आणि ओसरीच्या कडेला टेकलो.

तिनं घरची विचारपूस केली. मुलं किती, बायको कशी गेली. मग चुलीतून एक रोडगा काढून फडक्यावर माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, खा न खा, पुढं ठेवाव लागते. मी फोडून खाऊ लागलो तशी ती टक लावून बघत राहिली. माझा एक घास झाल्यावर मग बोलली.

"साहेब, त्या दिवशी तुमी खाल्ला नाई. म्या पाह्यलं होतं."

मी चावायचा थांबलो.

"सारे म्हणत, सायब शिकेल माणूस, त्याले आधीच समजलं होतं का हिचा हात बाटला आये. म्हणून त्यानं रोडगा बाजूले सारला. माया मालकानंबी तेच धरलं. मी देवापुढं शपथ घेतली, तं सासू म्हणे, सायब खोटा का?" तिच्या आवाजात राग नव्हता, ती सुपातले खडे वेचत होती. "मी शिवायची नव्हती हे खोटं आये, साहेब. मले ठाऊक आये. पण मंग तुमाले काय समजलं होतं? तेवढं सांगा. लई वर्सं झाले, मी वाट पाहून राह्यली का तुमी कवा याल अन् मी इचारीन."

माझं न खाणं हाच तिच्याविरुद्धचा पुरावा झाला होता. हे मला तोवर माहीत नव्हतं. मी फक्त गप्प राहिलो असं मी समजत होतो.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात ओसरीवर सावली पडली. सुभाषराव दारात उभे होते. साहेब इथं आहेत होय, मी गावभर शोधलं, म्हणत ते खांबाला टेकले. त्यांच्या तोंडावर काही नव्हतं, साधं हसू होतं. पण त्यांची आई, त्यांचं घर, त्यांनी मला पांघरवलेली शाल, सगळं माझ्या आणि त्या बाईच्या मधे येऊन उभं राहिलं.

"पोट बिघडलं होतं माझं," मी म्हणालो. "म्हणून खाल्लं नाही. तुमच्या हाताचा काही संबंध नाही, कासाबाई."

"मंग एवढे लोक काऊन आजारी पडले?"

तिनं खडे वेचायचं थांबवून विचारलं. सुभाषरावही ऐकत होते. मला काहीतरी सांगणं भाग होतं, आणि ज्यात कुणाचंच नाव नाही असं काहीतरी मी शोधलं. "पाणी," मी म्हणालो. "पाणी खराब असेल. त्या काळी विहिरींत औषध टाकत नव्हते."

मग तिनं मान हलवली, एकदा, दोनदा, जणू अखेर हिशेब लागला.

"पाणीबी म्याच भरलं होतं," ती म्हणाली. "पहाटं उठून सात हंडे. मले कोणी सांगतलंबी नव्हतं. मीच हौसेनं भरलं." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच, "म्हणजे मायाच हातून झालं तं."

मी नाही म्हणालो. तसं नाही, तसं नाही, असं दोनतीनदा म्हणालो. का नाही ते सांगितलं नाही. सुभाषराव म्हणाले, "काकू, जाऊ द्या आता, जुनं झालं," आणि मला हाताला धरून उठवलं, कारण मलकापूरची गाडी चुकली असती. ती ओसरीच्या कडेपर्यंत आली. तिनं पिशवीत पांढऱ्या मक्याची दोन कणसं घातली आणि म्हणाली, बरं झालं साहेब तुमी सांगतलं, मनात राह्यलं असतं.

जीपमध्ये इस्माईलभाईंनी एकदाच विचारलं, सांगितलं का? मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

घरी आल्यावर मी सगळं पत्रात लिहिलं. तिला वाचता येत नाही, म्हणून इस्माईलभाईंच्या पत्त्यावर पाठवायचं, त्यांनी तिला वाचून दाखवायचं, असं ठरवलं. पाकिटावर पत्ता घातला, तिकिटं लावली. ते टेबलावर होतं. रोज सकाळी मी ते घेऊन बाहेर पडायचं ठरवत असे आणि रोज काहीतरी निघे: शब्द नीट नाहीत, सुभाषरावांना आधी कळवायला हवं, थंडी ओसरू दे. थंडी ओसरली. होळीच्या आधी इस्माईलभाईंचा फोन आला. कासाकाकू गेल्या, म्हणाले. शेवटच्या दिवसांत त्या सारख्या पाण्याबद्दल बोलत होत्या, कुणाला काही समजलं नाही. "मले समजलं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

या लिखाणाची पहिली प्रत सुभाषरावांना जाईल. त्यांच्या आईनं मला विचारलं होतं आणि तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. तिची चूक एवढीच. त्यांना राग आला तर तो माझ्यावर काढावा, मी याच पत्त्यावर आहे. दुसरी प्रत इस्माईलभाईंना. त्यांनी ती आंब्याखाली वाचावी की नाही ते त्यांनी ठरवावं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ते एक पोरसवदा चक्कीवाले होते आणि मी सरकारी माणूस होतो, आमच्या गप्प राहण्यात फरक आहे.

आणि जे तिला सांगायचं होतं ते हे. कासाबाई, पाणी चांगलं होतं. तुमचा हात चांगला होता. त्या मक्याला विषारी औषध लावलेलं होतं, ते धुऊन जात नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच मी खाल्लं नाही. आणि तुम्ही त्यात हात घालत होतात तेव्हा मी चार पावलांवर उभा राहून बघत होतो. ओसरीवरही मी खोटं बोललो. मला क्षमा करा.